लाल फडकं

दिशाची शाळा म्हणजे नुसती हुंदडायची जागा, असं तिच्या बापाचं, रंगनाथचं ठाम मत होतं. आपल्यातल्या किती पालकांचं नसतं?

दिंडोरीकडच्या एका वाडीतली ती इवलीशी शाळा. तिथली मुलं हातांनी काम करत शिकायची. यंदा त्यांनी एक प्रकल्प घेतला होता. ज्या द्राक्षबागेत विषारी औषधाची फवारणी झाली, तिच्या बांधावरच्या खांबाला लाल फडकं बांधायचं. औषधाचा असर उतरेपर्यंत तिथलं गवत कुणी कापायचं नाही.

रंगनाथच्या बागेत फवारणी झाली, तेव्हा त्याच्या बांधावर दिशानेच फडकं बांधलं. नेमका त्याच दुपारी व्यापारी बाग बघायला यायचा होता. "त्याच्यापुढं कशाला हा पोरखेळ!" असं पुटपुटत रंगनाथने फडकं सोडलं आणि खिशात कोंबलं.

दुसऱ्या दिवशी भागीबाईची शेळी मेली. एकट्या म्हातारीचं घर त्या शेळीच्या दुधावर चालायचं. रंगनाथ धावत गेला, तेव्हा ती मेलेल्या शेळीच्या गळ्यातलं दावं सोडत होती. शाळेच्या मोहिनीबाई आणि दिशा शेजारी बसल्या होत्या.

"तुझ्याच बांधाचं गवत घातलं रे रंगा," भागीबाई म्हणाली. "मला कुठं वाचता येतं? लेकरांचं फडकं बघून मी इळा लावते. फडकं नव्हतं, म्हनून कापलं."

"आजी, माझीच गाठ सुटली!" दिशा हुंदके देत म्हणाली. "मी नीट नाय बांधली."

रंगनाथचा हात खिशातल्या फडक्यावर गेला. गप्प बसला असता, तर कुणालाच कळलं नसतं.

मोहिनीबाईंनी दिशाला जवळ घेतलं. "रंगनाथभाऊ, ही मुलं शाळेत काय शिकतात, असं तुम्ही नेहमी विचारता. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घ्यायला शिकतात. ती आपण मोठ्यांनी कधी घ्यायची?"

अरेरे! केवढीशी पोर, आणि बापाचं पाप स्वतःच्या माथी घेऊन रडत होती!

रंगनाथने खिशातून फडकं काढलं. "दिशा, तुझी गाठ पक्की होती गं. मीच सोडली. मावशी, मी तुमचा गुन्हेगार हाय. उद्याच दुसरी शेळी आनून देतो."

"आन बाबा," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "पन हिला मी लेकरावानी वाढवलं होतं रे."

दिशाने बापाच्या हातातलं फडकं घेतलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. ती बांधाकडे निघाली. रंगनाथ मान खाली घालून तिच्या मागे गेला आणि ती गाठ बांधेपर्यंत खांब धरून उभा राहिला.

मुलांच्या शिकण्याला पोरखेळ म्हणण्याआधी आपण जरा थांबायला हवं. त्यांनी साऱ्यांच्या भल्यासाठी बांधलेली गाठ मोठ्यांनी सोडू नये. तिच्या भरवशावर कुणीतरी जगत असतं.