मावशींच्या तोंडचं हवामान

शहरातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर रोज सकाळी बोलणाऱ्या बाईंना सगळेच मावशी म्हणत. ऐकणारेही आणि केंद्राचे साहेबही. काम तसं फुटकळ. दोन गाण्यांच्या मध्ये चार वाक्यं टाकायची. पण तेवढी ऐकायला लोक दाढी अर्धवट ठेवून थांबत.

"हवामान खातं म्हणतंय, आज नक्की पाऊस. म्हणजे कपडे बाहेर वाळत घालायला हरकत नाही."

"विमानात लोक भांडून खिडकीची जागा घेतात आणि पडदा ओढून झोपतात."

"नव्या सिनेमात नायक तीनदा मरतो. पहिल्यांदाच नीट मेला असता, तर आपण जेवायला वेळेवर घरी पोचलो असतो."

एका सकाळी केस विंचरताना मावशींच्या हातातून फणी गळून पडली आणि उचलायला हातच हलेना. दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा हात बऱ्यापैकी चालायला लागला होता, पण शब्द रुसले होते. डोक्यात सगळं लख्ख असायचं. ओठांपर्यंत येता येता वाट चुकायचं. छत्री म्हणायला जावं तर तोंडातून चमचा निघायचा.

बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी येत, चित्रं दाखवत. मासा, घड्याळ, शिडी.

"आधी नावं येऊ देत," बाई म्हणाल्या. "वाक्यांचं मग बघू."

मावशींनी चित्रं बाजूला सारली. "मासा नको. गं... गंमत."

त्या दिवसापासून मावशींनी स्वतःच नेम केला. गच्चीत बसायचं, आभाळाकडे बघायचं आणि हवेवर एक वाक्य बोलल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. चहा रोज गार व्हायचा. लेकीचा जीव तीळतीळ तुटायचा. एकदा न राहवून तिनं आईचं अडलेलं वाक्य पुरं केलं, तर मावशींनी कप दूर ढकलला.

"तू... नको. माझं मी."

एक दिवस साहेब फळं घेऊन आले. मावशींच्या जुन्या कार्यक्रमांवरून त्यांनी कॉम्प्युटरकडून हुबेहूब मावशींचा आवाज तयार करून घेतला होता. "तुम्ही फक्त हो म्हणा," ते म्हणाले. "मजकूर आम्ही लिहू."

त्यांनी फोनवर तो आवाज लावला. 'आज ऊन छान पडलंय, मंडळी. पाणी भरपूर प्या.' आईचा जुना, खळखळता आवाज ऐकून लेकीचे डोळे भरले. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ही बाई... शहाणी आहे," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ शब्द शोधत राहिल्या. "माझ्या जागी... चालायची नाही."

साहेब हसले. हा नकार आहे हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. "मावशी, रेडिओवर जरा शांतता झाली की लोक दुसरं स्टेशन लावतात."

"लावू देत. तिकडे... जाहिराती आहेत. परत येतील."

साहेबांनी कपाळाला हात लावला. तरी जाताना कबूल करून गेले: रविवारी सकाळी, एक वाक्य.

रविवारी लेक काचेपलीकडे बसली. गाणं संपलं, लाल दिवा लागला आणि मावशींनी तोंड उघडलं. काहीच येईना. यंत्रावरच्या माणसाचा हात पुढच्या गाण्याकडे गेला, तसा मावशींनी पंजा वर केला. थांब.

"बाहेर... धुक्यात," त्या म्हणाल्या. "गाड्या... हळू चालल्यात," एक श्वास. "आत्ता कुठे... माझ्या वेगाला आल्या."

यंत्रावरचा माणूस खो खो हसला. काचेपलीकडे लेक पदर डोळ्यांना लावून बसली होती.

त्यानंतर फोन आले. आजारी माणसाला कशाला बसवता, असं काहींनी सुनावलं. काहींनी मावशी उद्या आहेत का, असं विचारलं. साहेबांनी दोन्ही त्यांना सांगितलं, लपवलं नाही. पहिलं ऐकून मावशींचा चेहरा क्षणभर पडला.

"पुढल्या रविवारी... दोन वाक्यं," त्या म्हणाल्या.

"एकच."

"दीड."

साहेब हो म्हणाले.

बसमधून घरी जाताना मावशींनी पुढच्या वाक्याला हात घातला. त्यात विमानतळ हा शब्द हवा होता आणि तो काही केल्या येत नव्हता. लेक खिडकीबाहेर बघत गप्प राहिली. शेजारच्या बाकावरचे लोक वळून बघत होते, मावशी पुटपुटत होत्या. विमा... विमान... विमानघर. पुन्हा. विमान...