मंगळवारची नावं

गाताना माय दोन नावांच्या मध्ये श्वास घेत नाही. एक नाव, त्यावर लोकांचं उत्तर, आणि उत्तर संपायच्या आत पुढचं नाव. ती हवा कधी भरून घेते ते शेजारी बसूनही कळत नाही. फक्त शेवटच्या नावाआधी ती थांबते. खांदे किंचित वर येतात, गळ्याखालचा खळगा खोल होतो आणि सावकाश भरतो. तेवढा वेळ मी पेटीचा भाता हलता ठेवते आणि एकच सूर धरून बसते, म्हणजे मध्ये पोकळी राहत नाही. मग माय म्हणते, ‘इनास.’ आणि सगळं चर्च उत्तर देतं, ‘सापडू दे.’

इनास माझा धाकटा भाऊ. शिरोलीत एका फाउंड्रीत कामाला होता, तिथंच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला गडहिंग्लजला घरी यायचा. २०१९ च्या पुरात पाणी चढू लागलं तेव्हा ‘निघालोय’ एवढाच त्याचा फोन आला. पाणी ओसरल्यावर हायवेच्या कडेच्या उसात त्याची मोटारसायकल मिळाली. चिखलानं भरलेली, पण कुठं मोडली नव्हती. तो मिळाला नाही.

आमच्या चर्चमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी संत अंतोनीची भक्ती असते. हरवलेलं शोधून देणारा संत तो. ज्याचं काही हरवलं असेल त्यानं आधी येऊन मायच्या कानावर घालायचं. माय लितानीत, म्हणजे नाव आणि उत्तराच्या त्या प्रार्थनेत, ते नाव घेते, लोक ‘सापडू दे’ म्हणतात. सापडलं की अंतोनीबाबापुढं मेणबत्ती लावायची आणि पुढच्या मंगळवारपासून ते नाव थांबतं. चाव्या, वासरं, रेशनकार्डं, एकदा कुणाचा तरी दातांचा सेट. चर्चमागच्या गल्लीत बांगड्या विकणारी बिबीजान आमच्या धर्माची नाही, पण तिची नथ अशीच सापडली तेव्हापासून ती एक मंगळवार चुकवत नाही.

‘रुजाय, आज कोंबडी घे गं नावात. तांबडी,’ ती मायला म्हणते.

‘मागच्या वेळंला बी कोंबडीच हुती की तुझी.’

‘ती घावली. ही दुसरी.’

‘बाबाला काय कोंबड्या राखायला ठेवलाईस व्हय? खुराडं नीट कर आधी!’

बाकावरच्या बायका हसतात. माय कोंबडीचं नाव घेतेच. इनासच्या नावाला मात्र कुणी मान वर करत नाही. इतकी वर्षं तेच नाव शेवटी येतंय, आणि त्याच्यासाठी मेणबत्ती लागलेली नाही.

सेलिना इनासची बायको. पूर आला तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती आमच्याच घरात राहते, शिवणकाम करते, मंगळवारी मायच्या मागं उभी राहून गाते. आजऱ्याचा मान्वेल, ज्याची बायको बाळंतपणात वारली, तो मुलीचे कपडे शिवायला तिच्याकडं येऊ लागला आणि वर्षभरानं त्यानं मलाच विचारलं, ‘तुमच्याकडनं काय अडचण हाय का?’ अडचण आमच्याकडून नव्हती. चर्चच्या लेखी सेलिनाचा नवरा जिवंत होता.

फादर विल्फ्रेड घरी येऊन बसले आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं. नुसती वर्षं लोटली म्हणून चर्च कुणाला मृत मानत नाही. जवळच्या माणसांनी सांगावं लागतं की तो गेला अशी आपली खात्री झाली आहे. मग बिशप ठरवतात. सेलिनानं सांगितलं. मी सांगितलं. माय चहाची बशी हातात धरून बसून राहिली.

‘तुम्ही आई आहात,’ फादर म्हणाले. ‘तुमच्या शब्दाशिवाय हे पुढं जाणार नाही.’

‘माझ्या तोंडानं मारू व्हय त्येला?’ माय म्हणाली. ‘बघितलाय कुणी त्येला मेलेला? मी जिता बघितलाय. जाताना बघितलाय.’

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पुरावा नसेल तर निष्कर्ष काढू नये, हे दर वर्षी नव्या वर्गाला सांगते. माय तेच सांगत होती. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. सेलिनानं तर एकदाही मायकडं काही मागितलं नाही. मान्वेल ‘थांबतो’ म्हणाला होता, पण या नाताळाआधी तो फ्रॉक शिवायला आला तेव्हा उंबऱ्यावरूनच माप देऊन गेला.

मग जानेवारी आला. कारखाने चालू होते, आजूबाजूला पाचट पेटवलेलं, सगळ्या गावाचा घसा धरलेला. मायचा आवाज पूर्ण बसला. त्यात आमच्या चर्चचे म्हातारे पास्कूमाम वारले. मंगळवारी सकाळी त्यांना मातीला न्यायचं होतं आणि मृतांची लितानी म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून माय सेलिनाला म्हणाली, ‘तू धर.’ सेलिनानं दफनभूमीत ती पहिल्यांदा धरली आणि चांगली निभावली.

आमच्याकडं मृतांच्या लितानीला आणि अंतोनीबाबाच्या लितानीला चाल एकच आहे. पूर्वी गायन शिकवणाऱ्या सांतानमास्तरांना ती एकच चाल येत होती, त्यांनी दोन्हींना लावली आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. इकडं नाव घेतलं की ‘सापडू दे’, तिकडं नाव घेतलं की ‘विसावा दे’. मोजून पाहिलं तर मात्राही तेवढ्याच भरतात.

त्या संध्याकाळीही सेलिनाच पुढं उभी राहिली. माय पहिल्या बाकावर बसली, गळ्याला मफलर गुंडाळून. मी पेटीवर. नावं सुरू झाली. कुणाचं पाकीट, कुणाचं कानातलं, बिबीजानची पुन्हा एक कोंबडी. सेलिना नाव घ्यायची, उत्तराचे शब्द स्वतःच उचलायची आणि लोक तिच्यामागून यायचे. आवाज पातळ होता, पण सुरात होता.

शेवटच्या नावाआधी ती थांबली नाही. तिला थांबायची सवय नव्हती.

‘इनास,’ ती म्हणाली, आणि त्याच दमात पुढं, ‘विसावा दे.’

आणि सगळ्या चर्चनं म्हटलं, ‘विसावा दे.’

कुणी मध्येच थांबलं नाही. सकाळी हीच माणसं, हीच चाल, हेच शब्द. मीही सूर धरून होते, तो शेवटपर्यंत धरला. शब्द संपल्यावर मग सेलिनानं तोंडावर हात ठेवला.

भक्ती कशीबशी पुरी झाली. लोक मायला नमस्कार न करता, मान खाली घालून निघाले. बिबीजान दारात घुटमळत राहिली. फादर वेदीवरच्या मेणबत्त्या विझवत होते, आमच्याकडं पाठ करून.

सेलिना बाकाजवळ खालीच बसली. ‘माय, चुकलं माझं. सकाळचं तोंडात बसलं हुतं. मुद्दाम न्हाय केलं, शप्पथ.’

‘ठावं हाय,’ माय म्हणाली. आवाज म्हणजे नुसता वारा होता, ऐकायला वाकावं लागत होतं. ‘तुझं चुकलं. बाकीच्यांचं काय?’

तिनं गळ्याचा मफलर सैल केला.

‘एवढी माणसं हुती. एक बी अडखळलं न्हाय. ही बिबीजान तर पेटीच्या वर म्हणत हुती.’

‘समदी म्हणाली म्हणून म्या म्हणाले गं रुजाय,’ दारातून बिबीजान म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून रडू लागली.

‘रडू नगंस. तुला बोल लावत न्हाय मी.’ माय माझ्याकडं वळली. ‘लुर्दे, तू तरी पेटी का थांबवली न्हाईस?’

मी भाता बंद करत होते. खिटी बसेना. ‘चुकलंय असं वाटलं नाही, माय,’ मी म्हणाले.

मायनं मान हलवली. बाहेर रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या टेपवरचं गाणं जवळ आलं आणि लांब गेलं.

‘मला बी न्हाय वाटलं,’ ती म्हणाली. ‘मी वाट बघत बसले. म्हटलं, आता छातीत कळ येईल. आता मी उठून वरडंन. काय बी झालं न्हाय. थंडीत पोराच्या अंगावर कुणीतरी पांघरूण टाकावं, तसं वाटलं बघ. मलाच जमलं न्हाय एवढं दिवस.’

सेलिनानं तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मायनं तिच्या केसांवर हात ठेवला, पण थोपटलं नाही, नुसता ठेवला.

‘त्यो आजऱ्याचा अजून थांबलाय का गं?’

सेलिनानं डोकं न उचलता ते हलवलं, हो म्हणून की माहीत नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

‘विचार त्येला,’ माय म्हणाली. मग बाकाच्या पाठीला धरून उभी राहिली. मी हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही. वेदीपर्यंत आवाज पोचणार नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती चालत कठड्यापर्यंत गेली.

‘फादर.’

फादर वळले.

‘बिशपांस्नी कळवा,’ माय म्हणाली. ‘इनासची आई सांगतीया, तिचा ल्योक पुरात मेला.’