भिंतीआड राहिलेला खांब

"रश्मीताई, पोरीले अभ्यासाले बसवा, पण दाराले कडी नका लावू," असं उद्धवराव सर म्हणाले, तेव्हा रश्मीताई हसल्या होत्या. "सर, खेळून कोणाले सीट भेटली?" असं म्हणत त्यांनी आतून कडी घातली आणि आपली खुर्ची दाराला लावून बसल्या. हे मी ऐकलं, कारण मीही त्याच दाराच्या आत होतो.

मित्रांनो, मी खो-खोचा एक जुना खांब आहे. भीमपूरच्या बाजूला, जिथून सीमेपल्याडची महाराष्ट्राची शेतं दिसतात, अशा एका गावच्या शाळेत मी उभा आहे. सागाच्या एकाच लाकडातून सुताराने आम्हा दोघा भावांना घडवलं. उद्धवराव सर शाळेत खेळ शिकवतात. पोरींच्या तळहाताला लाकूड टोचू नये म्हणून त्यांनी आम्हाला घासून घासून गुळगुळीत केलं. मैदानाच्या एका टोकाला मी रोवला गेलो, दुसऱ्या टोकाला माझा भाऊ.

काय दिवस होते ते! धावत आलेली पोरगी मला एका हाताने धरून गर्रकन वळायची, तेव्हा माझ्या जमिनीतल्या टोकापर्यंत कंप जायचा. नेरडीगोंड्याच्या सामन्यात आमच्या पोरी जिंकून आल्या, तेव्हा त्यांनी मला झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी तो बकरीने खाल्ला, पण घातला होता हे खरं.

मग पालकांची सभा झाली. निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी वेगळी खोली हवी, असं ठरलं. जागा होती ती मैदानातच. टिनाचं शेड उभं राहिलं आणि त्याची भिंत माझ्या नि भावाच्या मधून गेली. मला उपटायला निघाले होते. कोणीतरी म्हणालं, "राहू द्या नं, दप्तरं टांगता येतीन." झालं. माझ्या पायाशी सिमेंट ओतलं, अंगात खिळे ठोकले. तेव्हापासून ना ऊन, ना माती. बाहेर माझ्या जागी एक बांबू रोवून खेळ चालू राहिला. भाऊ बाहेर आहे, एवढं पोरांच्या आरडाओरड्यावरून कळायचं.

दीपमाला ही रश्मीताईंची पाचवीतली मुलगी. शेड होण्याआधी मला धरून वळणाऱ्यांत तिच्याइतकं चपळ कोणी नव्हतं. आता खेळाच्या तासाला बाकीची पोरं मैदानात आणि परीक्षेची पोरं आत, अशी वाटणी झाली. पोरं पळून जाऊ नयेत म्हणून रश्मीताई स्वतः येऊन बसायच्या. त्यांची आजी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची आणि त्या बी.एस्सी. झाल्या. शिकल्याने घर कसं वर येतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचा जीव पोरीच्या परीक्षेत अडकला, त्यात खोटं काही नव्हतं.

सुरुवातीला बाहेर "खो!" ऐकू आलं की दीपमालाची टाच उचलायची. मान खिडकीकडे वळायची. "पुस्तकात पाह्य!" आईचा आवाज यायचा. मग ती बाकाखालून हळूच माझ्यावर हात ठेवायची. हात घामाने ओला असायचा.

पुढे मान वळेनाशी झाली. टाच उचलेनाशी झाली. हातही येईना. ती नुसतं विचारू लागली. "आई, पाणी पिऊ का?" "आई, पान उलटू का?"

रश्मीताई दुसऱ्या आयांना सांगायच्या, "आता कशी शांत झाली माही पोरगी!"

"आमच्या कार्ट्याले बी ठेवा नं बाई दोन दिवस तुमच्यापाशी," त्या आया म्हणायच्या आणि सगळ्या हसायच्या.

मित्रांनो, मी खांब आहे. न हलणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. ती शांत झालेली नव्हती.

एका शनिवारी खेळ रंगात आला असताना तिची मैत्रीण अश्विनी खिडकीशी आली. "दीपे, एक गडी कमी हाये व! ये नं!"

दीपमाला हलली नाही.

"काऊन व, बहिरी झाली काय?"

तरी नाही. मग अश्विनीने गजांतून हात घातला, तिच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडली, "खो!"

खो-खोत बसलेला गडी या एका शब्दाचीच वाट पाहत असतो. खो मिळाला की कोणाला विचारायचं नसतं, उठायचं आणि पळायचं. दीपमाला उठली, पण अर्धीच. गुडघे वाकलेले, एक हात बाकावर. तशीच थांबून तिने आईकडे पाहिलं.

"आई, उठू का?"

रश्मीताईंचा चेहरा उतरला. "ऊठ नं, माय."

"खरंच उठू का?"

रश्मीताईंनी खुर्ची लोटली, कडी काढली, दार सताड उघडलं. दीपमाला उंबऱ्यापर्यंत गेली आणि पुन्हा आईकडे वळून उभी राहिली. तेव्हा रश्मीताईंनी तिला हलकेच मैदानाकडे वळवलं, मागे उभं राहून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "खो."

ती पळाली नाही. चालत गेली. पण गेली.

त्या दिवसापासून दार उघडं असतं. अभ्यासही होतो, खेळही होतो. दारातून मला भाऊ दिसतो, उलटसुलट तोंडं करून बसलेल्या पोरी दिसतात. मी मात्र आतच आहे. सिमेंटातून मला आता कोण काढणार? दीपमाला पळू लागली आहे, तरी कधी कधी उंबऱ्यावर थबकते.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कोणी अलीकडे फारच शहाणं, फारच गप्प झालं असेल, आधी खिडकीबाहेर बघायचं नि आता बघत नसेल, तर आजच त्याच्याकडे जा. पाठीवर हात ठेवा आणि खो म्हणा. आणि ते उठलं की नाही, हे पाहिल्याशिवाय तिथून हलू नका.