ओरिनला हुकूम ऐकू आला नाही

"थांबव! विंच थांबव!" वरून लेफ्टनंट विन्स्लो ओरडले.

ओरिन बीलची पाठ त्यांच्याकडे होती. वाफेचं विंच खडखडत तार ओढतच होतं. मी बारा पावलांवर, जहाजाच्या मागच्या कठड्याशी उभा होतो. तार खोल धरून ठेवणारा जड सांगाडा, आमचा 'पतंग', पाण्यातून वर येत होता आणि त्यात एक अख्खा सुरुंग अडकला होता.

महायुद्ध संपून सात महिने झाले होते. उत्तर समुद्रात आपल्याच नौदलाने पेरलेले सुरुंग आता आमची 'डनलिन' बोट पाण्यात तार ओढत काढत होती. मे महिन्यात एक फार जवळ फुटला आणि ओरिनचे कान गेले. ते फक्त मला ठाऊक होतं. एरवी मी त्याच्या शेजारी उभा राहायचो आणि हुकूम आला की त्याचा खांदा दाबायचो.

"कळलं तर किनाऱ्यावर बसवतील, डफी," तो म्हणायचा. "तीस वर्षं बोटींवर काढली. आता काय कोबी लावू?"

मी धावलो. पोहोचण्याआधीच विंच थांबलं. ओरिनचा डावा तळवा यंत्रावर टेकलेला होता.

"ओझं जास्त लागतंय," तो म्हणाला. मग त्याने माझा चेहरा पाहिला. "सुरुंग?"

मी मानेनेच हो म्हटलं. सुरुंग जहाजापासून जेमतेम आठ फुटांवर झुलत होता. तार तोडली असती तर तो आमच्याच खाली फुटला असता.

"हळू सोड!" वरून हुकूम आला. मी तळहात खाली केला.

लाटेने जहाज वर उचललं की ओरिन थोडी तार सोडायचा. खाली आलं की थांबायचा. पतंग बुडाला. पन्नास वाव तार गेली, मग शंभर. तेव्हा कुठे मागे सुरुंग फुटला आणि पाण्याचा पांढरा डोंगर उभा राहिला. डेकवरचे सगळे दचकून वाकले. ओरिन तारेकडे बघत होता.

लेफ्टनंट खाली आले. "शाबास, बील."

ओरिन वळला नाही.

"बील!"

मी त्याचा खांदा दाबला. लेफ्टनंटनी ते पाहिलं. "कधीपासून?"

"मेपासून, साहेब," ओरिन त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाला.

"आणि तू लपवलंस, डफी?"

"साहेब, तार सोडताना ऐकणारा माणूस प्रत्येक लाटेला तुमच्या हुकमाची वाट बघत बसला असता."

"आज वाचलो," ते म्हणाले. "उद्या कोणाच्या भरवशावर, सांग?"

मी ओरिनच्या खांद्यावरचा हात काढला.

कर्कवॉल बंदरात ओरिनला उतरवलं. आमची बोट निघताना धक्क्यावरून आमचा दोर त्यानेच सोडला आणि खाली बसून तिथे पडलेल्या दुसऱ्या दोरातली गाठ सोडवू लागला. निरोपाचा भोंगा वाजवायला गेलेल्या माणसाला लेफ्टनंटनी हाताने थांबवलं. टोपी काढून, ओरिन वर बघेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

ओरिनने मान वर केली तेव्हा मध्ये बरंच पाणी आलं होतं.