पुठ्ठ्यावरचं नाव

"भाऊ, त्या पुठ्ठ्यावर एकाबी पोट्टीचं नाव काऊन नाई?"

प्रश्न रोशनीचा, पैज सोमारीची आणि तोंड रीताचं. प्रश्न काढणाऱ्या दोघी मैत्रिणी बाहेर सायकली धरून, पळायच्या तयारीत उभ्या होत्या. मूल गावच्या बसस्टँडमागच्या पिंटूभाऊच्या व्हिडिओ गेम पार्लरात शाळेच्या ड्रेसमधली मुलगी शिरायची ही पहिलीच वेळ. विमानाच्या मशीनला खेटून उभी असलेली पोरं एकदम गप्प झाली. मशीनमधली विमानं मात्र फुटतच राहिली.

पुठ्ठा मशीनच्या वर खिळ्याला टांगलेला होता. ज्याचे पॉइंट जास्त, त्याचं नाव पिंटूभाऊ स्वतः जाड मार्करनं तिथं लिहायचा. सगळ्यांत वर स्वप्निल. हा रीताच्याच गल्लीतला, अकरावीत गेल्यापासून कॉलर वर करून चालणारा.

पिंटूभाऊनं गल्ल्यावरून मान उचलली. "पोट्ट्या खेळतच नाई, तं नाव कोनाचं लिहू?"

"मी खेळतो. द्या टोकन."

"तू खुशालभाऊची पोरगी ना व?" पिंटूभाऊ हसला. "आधी कुठी तरी शिकून ये. आन येशीन तेव्हा भावाले संग आण. एकल्या पोट्टीले खेळू देल्लं तं गाव माह्या नावानं बोंबलते."

"मले भाऊ नाई."

"मंग देवाले अर्ज कर," स्वप्निल पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. पोरं खिदळली.

रीताचे कान तापले. पण पाय हलले नाहीत. "शिकून येतो," ती म्हणाली, आणि मगच बाहेर पडली. बाहेर रोशनी म्हणाली, "तू खरंच इचारलं व?" पैज जिंकल्याचं बक्षीस एवढंच.

शिकायची सोय घरातच होती, हे पिंटूभाऊला ठाऊक नव्हतं. चंद्रपूरच्या मामानं नवीन कंप्युटर घेतला आणि जुना रीताला पाठवून दिला होता. तो आला दसऱ्याच्या तोंडावर. मग रीताच्या आईनं, गुणाबाईनं, मासेमारीच्या जाळ्याला आणि डोंग्याला हळदकुंकू वाहिलं तसं त्यालाही वाहिलं. कुंकवाचा टिपका मॉनिटरच्या कपाळावर अजून होता. कंप्युटरवर जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरलेला असायचा, आणि मासोळीच्या हातानं त्याला शिवायचं नाही, असा गुणाबाईचा कायदा होता. घरात दोघं मासोळीवाले. बाबा तलावावर जाळं टाकायचे, आई बाजारात बसायची. म्हणजे उरली रीता.

मामाच्या पियुषनं कंप्युटरसोबत एक सीडी दिली होती. त्यात एम्युलेटर होता, पार्लरातल्या मशीनचं सोंग घरच्या कंप्युटरकडून वठवून घेणारा प्रोग्राम. गेम वेगळे, तीन झिप फायलींत बांधलेले, त्यांत पिंटूभाऊकडचा विमानाचा गेमही. रीतानं उत्साहानं तिन्ही झिप उघडल्या आणि आतलं सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं. ओतणारच. त्या घरात बांधलेलं काही बांधलेलं राहतच नसे. बाबा तलावावरून आले की जाळं आधी अंगणात रिकामं व्हायचं, मरळ इकडं, झिंगे तिकडं, शेवाळ बाहेर. न उघडता काही कामाला येतं, हे तिच्या डोक्यात यायलाच जागा नव्हती.

एम्युलेटरनं काळ्या पडद्यावर फायली सापडत नसल्याचा पाढा वाचला. दुसऱ्यांदाही वाचला. मग रीतानं फायलींची नावं बदलली, जागा बदलली, कंप्युटर बंद करून चालू केला, शेवटी हातही जोडले. आठवडाभर तोच पाढा.

शनिवारी सोमारी आली. ती अहेरीकडच्या खेड्यातली, मूलला होस्टेलवर राहायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू सोडलं काऊन ते?"

"मंग आतलं कसं भेटन त्याले?"

"माही आई गाठोडं बांधून देते. ते मी होस्टेलात आपल्या पेटीत तसंच ठेवतो. सोडलं का कोनाचं काय, समजत नाई. जे लागलं तेवढं वरच्यावर काढाचं. गाठोड्यासकट ठेवून पाह्य न."

रीतानं ओतलेला सगळा पसारा पुसला आणि सीडीवरून तीन झिप न सोडता जशाच्या तशा आणून ठेवल्या. एंटर दाबलं. पडदा काळा झाला, मग निळा, आणि त्या निळ्यातून पिंटूभाऊचं विमान थेट गुणाबाईच्या घरात उतरलं.

दोघी जणी बाजेवर उभ्या राहून नाचल्या. बाज करकरली तेव्हा उतरल्या.

पण विमान जागचं हलेना. पडदा नाणं मागत होता. सोमारीनं कंप्युटरला भोक कुठं आहे ते मागं जाऊन पाहिलं. रीता एकेक बटन दाबत सुटली. पाचाचा आकडा दाबला तसं नाणं पडलं. पुन्हा दाबला, पुन्हा पडलं.

"म्हंजे टोकनवालाबी मीच," रीता म्हणाली. "आता सांग, कोनाले भावाले आणाचं?"

जुना कंप्युटर धापा टाकत चालायचा, विमान अडखळत उडायचं. रीतानं टॅब दाबून मेनू शोधला, मधली चित्रं थोडी गाळायला लावली, शेवटी आवाजच बंद केला. तेव्हा गेम सरसर पळू लागला. तीन बटनं एकदम दाबली की कीबोर्ड मुका व्हायचा. म्हणून तिनं गोळीचं बटन हलवून दुसरीकडं नेलं. यातलं कोणी तिला शिकवलं नव्हतं. करून पाहायचं, बिघडलं की सुधारायचं. शाळेत गणिताच्या तासाला तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपणहून हात वर केला तो त्याच महिन्यात, आणि उत्तर चुकलं तरी हात लगेच खाली घेतला नाही.

एके संध्याकाळी तिनं शेवटचं मोठं जहाज पाडलं. पडद्यानं नाव मागितलं, तीन अक्षरं. तिनं आर, आय, टी भरलं आणि सगळ्यांत वर आपलं नाव पाहत बसली. लोडशेडिंगची वेळ होती, हे ती विसरली होती. वीज गेली.

वीज आल्यावर यादीत कोण्या परदेशी माणसांची जुनीच नावं होती. एसटीडी बूथवरून तिनं पियुषला विचारलं. तो म्हणाला, "ते तसंच असते. बंद झालं का पुसलं जाते. नाव टिकाचं असन तं पार्लरात जा."

तो गमतीनं म्हणाला. रीतानं गमतीनं घेतलं नाही.

रविवारी स्वप्निल मरळ घ्यायला घरी आला. गुणाबाई मासोळी साफ करत होती तेवढ्यात तो दारातून आत पडद्याकडं पाहत राहिला. रीता खेळत होती. तिचे पॉइंट त्याच्या पुठ्ठ्यावरच्या पॉइंटांच्या पुढं धावत होते. तो मरळही न घेता गेला.

बोलला तो दुसऱ्या दिवशी, तलावाच्या पाळीवर, दहा माणसांत, आणि रीताच्या बाबांसमोर.

खुशालभाऊ घरी आला तो जाळं अंगणात तसंच टाकून आत आला. हातपाय न धुता त्यानं कंप्युटरची वायर काढली आणि लुगड्याचा तुकडा घेऊन मॉनिटर बांधायला लागला.

"काय झालं जी?" गुणाबाईनं विचारलं.

"पोट्टी पार्लरात जाऊन टोकन मांगते. पोट्ट्यायच्या घोळक्यात. तो पोट्टा मले इचारते, काका, तुमच्या घरी भाऊ नाई म्हून रीताच भाऊ झाली का? सारे हासले." त्यानं गाठ आवळली. "हे मामाकडं वापस. आन शाळेतून सिद्दी घरी."

रीता पुढं होऊन मॉनिटरशेजारी उभी राहिली.

"बाबा, आई रोज पहाटे लिलावात उभी राह्यते न? माणसायच्या घोळक्यात बोली लावते. तिच्या संग कोणता भाऊ जाते?"

"ते पोटाचं काम होय. हा खेळ होय."

"पहिल्या दिवशी लोक मलेबी बोलले होते," गुणाबाई म्हणाली. ती चुलीकडं तोंड करून बसली होती, वळली नाही. "पोटाचं काम हाये, हे कोनी आईकलं नोहोतं. त्या बोलण्यापायी तुमी तई दोन दिवस जेवले नोहोते."

खुशालचे हात गाठीवर थांबले. "तू मधात नको बोलू, गुणा," तो म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

"कंप्युटर वापस करा," रीता म्हणाली. "मामाचा होता, मामाले जाऊ द्या. मले जे शिकाचं होतं ते शिकून झालं. पर उद्या शाळा सुटली का मी पिंटूभाऊच्या पार्लरात जातो. एकली. जाऊन आली का सांगन, असं नाई. आताच सांगून राह्यलो, दोघायले, समोर."

मॉनिटर अर्धा झाकलेला होता, अर्धा उघडा.

"आन तिथी तीन अक्षरं नाई चालत, बाबा. पुठ्ठ्यावर पूरं नाव लिहा लागते. मी सांगन, रीता खुशाल पचारे लिहा."