मधोमध बंद पडणारी होडी

मित्रांनो, जुनी, सेकंडहँड आणि बुडाला ठिगळ लावलेली अशी मी एक मशीनची होडी आहे. लाकडाची नव्हे, फायबरची. लाकडाच्या होड्या स्वतःला कुलीन समजतात. समजोत बापड्या! त्यांचा जन्म झाडापोटी झाला, माझा साच्यापोटी. मुंबईकडच्या एका खाडीकाठी, पत्र्याच्या शेडमध्ये, चिकट रसायन आणि काचेच्या धाग्यांचं कापड थरावर थर बसवून मला घडवलं. साच्यातून सुटताना मी जो आवाज केला, तोच माझा पहिला टाहो.

माणसं ओळखायची माझी रीत वेगळी आहे. तुम्ही तोंड बघता, मी वजन बघते. कोणी पाय टाकला की पाण्याची रेघ माझ्या अंगावर किती चढली, एवढ्यावरून मी त्याचा हिशेब मांडते. पोट आत ओढून फोटो चांगला येतो, पण होडीत त्याचा काही उपयोग होत नाही.

माझी तरुण वर्षं किनाऱ्यावर हौशी माणसांना फिरवण्यात गेली. घाबरलेला माणूस आपल्या वजनापेक्षा जड बसतो, हे मी तिथे शिकले. मग एका वर्षी महाडला महापूर आला आणि मला ट्रकवर घालून तिकडे नेलं. सावित्री आणि गांधारी या नद्या बाजारपेठेत शिरल्या होत्या. जिथे रिक्षा चालायच्या तिथे मी चालले. गॅलऱ्यांमधून माणसं माझ्यात उतरली. घरदार मागे टाकून आलेली माणसं फार हलकी असतात, मित्रांनो. एका बाईने सोबत फक्त इस्त्री आणली होती. का, ते तिलाही सांगता येईना.

पाणी ओसरल्यावर मला हार घातला. माझ्यापुढे उभं राहून पुष्कळांनी फोटो काढले. त्यांतल्या एकाचंही वजन पुरात माझ्यात बसलेलं नव्हतं. हार सुकला आणि मला दासगावच्या रस्त्यालगत, बांबूच्या बेटामागे उपडी टाकलं. बेटाशी माझा पहिला संबंध आला तो असा. माझ्याखाली कोंबड्यांनी अंडी घातली. माझं मशीन गोणपाटात गुंडाळून कोणीतरी माळ्यावर फेकलं. लोकांना वाटतं, होडीला बुडण्याची भीती. तसं नसतं. वरून धो धो पाऊस कोसळतोय आणि अंगाखाली पाणी नाही, हे होडीचं खरं दुःख. किती पावसाळे मी तसे काढले ते आता आठवायलाही नको वाटतं.

त्या बांबूंमागून मला बाहेर काढलं ते गोमाजीने.

महाडच्या खालच्या अंगाला सावित्री रुंद होते, तिला भरती-ओहोटी लागते. तिथे पात्राच्या मधोमध एक लहानसं बेट आहे. इकडे त्याला जुवा म्हणतात. पूर्वी त्यावर बरीच घरं होती. पुरानंतर एकेक घर काठावर गेलं. गोमाजी आणि त्याची बायको रखमा, एवढीच दोघं राहिली. काठावरचे म्हणायचे, "आता तरी इकडं या." गोमाजी म्हणायचा, "पाणी आलं तसं गेलं. मी कशाला जाऊ?"

त्यांना एकच मुलगी, दर्शना. ती दिली पोलादपूरच्या वर कुडपणला, डोंगराच्या माथ्यावर. जुव्यावर वाढलेल्या पोरीने पाण्यापासून याहून लांब जायला जागाच शिल्लक नव्हती. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण जावई दीपक म्हणाला, "मामा, वेळी-अवेळी महाडच्या दवाखान्यात न्यायचं झालं तर वल्हवत नेणार का? मशीनची होडी असेल तरच पाठवतो."

गोमाजीला बोलणं लागलं. ज्या वल्ह्यांनी पोरीला रोज शाळेला पोचवलं, त्या वल्ह्यांचा तो अपमान होता. पण पोर यायला हवी होती. हे सारं मला दोघांच्या बोलण्यातून कळलं. नवरा-बायको घरात बोलत नाहीत ते होडीत बोलतात.

जुव्यावर नेऊन त्याने मला नारळीखाली टेकवलं. अंगावर चिकटलेले शिंपले खरवडले, भेगांवर कापड आणि रसायन बसवलं, कुजलेल्या फळ्या काढून नव्या ठोकल्या. पुसायला रखमा घरातली फाटकी लुगडी देत होती. दर्शनाचा शाळेचा फ्रॉक मात्र गठ्ठ्यातून निघाला तसा तिने परत ओढून घेतला.

"आता तो कुणाला व्हनार हाय?" गोमाजीने विचारलं.

"तुमच्या होडीला तरी नाय व्हनार," रखमा म्हणाली.

मशीन उघडायला महाडहून सुहास आला. तो मोटारसायकली दुरुस्त करतो आणि बोलतो त्याहून जास्त. गोणपाट सोडून त्याने नाक दाबलं. "काका, ही लोणच्याची बरणी हाय. आत पेट्रोलचा मुरांबा झालाय."

"तुझ्या तोंडाला बसवायचं नाय हे. होडीला बसवायचंय. हात चालव."

सुहासने मुरांबा काढला, नळ्या धुतल्या, वाकडा पंखा ठोकून सरळ केला, नवी दोरी बसवली. दोरी ओढून ओढून त्याचे खांदे गेले, तेव्हा कुठे मशीन खोकलं, आणि मग जे सुरू झालं ते जुव्यावरचे बगळे उडवूनच. मला तर रडू फुटलं असतं, पण होडीतलं पाणी बघितलं की माणसं लगेच भोक शोधू लागतात.

पहिल्या फेरीत एक घोटाळा झाला. मशीनने जोर धरताच माझं तोंड वर उचललं आणि पुढे बसलेली रखमा घसरत गोमाजीच्या मांडीवर आली. गोमाजी जाम खूश होता, पण पुढे वजन हवं हे त्यालाही कळलं. त्याने जुव्यावरचा एक दगड उचलला.

"ती दर्शनाची जागा," रखमा म्हणाली. "तिथं दगड ठेवता? पाटा ठेवा. ती आली की उचलू."

"पाटा म्हंजे दगुडच की गो!"

"घरातला हाय."

"मग वरवंटापण आन."

"वरवंटा नाय. तो बारशाला लागतो. आधी त्याला टोपडं घालून पाळण्यात फिरवायचा असतो. तो घरात राहील."

"म्हंजे ती येईस्तवर चटणी?"

"तवर चटणी नाय."

अशी पाट्या-वरवंट्याची फारकत झाली. पाटा माझ्या पुढच्या फळीवर बसला आणि वरवंटा घरात वाट बघत राहिला. दोघांपैकी जास्त वाट कोण बघत होतं ते सांगता येणार नाही. बिनचटणीची भाकरी खाणारा गोमाजी तिसरा.

आता खरी गोष्ट ऐका. जुव्यावर जायचं तर काठावर उभं राहून, तोंडाभोवती हात धरून कुकारा घालायचा, ही जुनी पद्धत. दर्शना शाळेतून आली की ओरडायची, "आबाऽऽऽ हो!" गोमाजी वल्हवताना मधोमध वल्ही वर धरून थांबायचा, कारण तिथे दोन्ही काठांचं ऐकू येतं. मोबाइलला रेंज येते तीही तिथेच. मशीन आलं आणि ते थांबणं गेलं. भर्रकन सुटायचं आणि काठाला लागायचं. माझ्या मशीनच्या आवाजात कुकारा काय, नगाराही ऐकू आला नसता.

एके दिवशी काठाकडे जाताना रखमाने गोमाजीच्या दंडावर हात ठेवला. "बंद करा."

"काय?"

"ते बंद करा हो!"

त्याने बंद केलं. पाणी माझ्या अंगाला चापट्या मारत राहिलं. वीर स्टेशनच्या बाजूने रेल्वेगाडीची शिट्टी आली. काठावर सुंदराबाईच्या चहाच्या टपरीत भांडी वाजली. रखमा मान तिरकी करून बसली होती.

"काय ऐकतेस?"

"काय नाय. चला."

त्या दिवसापासून प्रत्येक फेरीला मधोमध मशीन बंद होऊ लागलं. गोमाजी कुरकुरायचा. दोरी पुन्हा ओढावी लागते, खांदा दुखतो, असली बाई पाहिली नाय. पण पुढेपुढे रखमा न सांगताच त्याचा हात बटणाकडे जाई. दोघं कान देऊन बसत. समोर पाटा असे. माणसाच्या वजनाचा हिशेब मला कळतो, मित्रांनो, पण नसलेल्या माणसाचं वजन मी प्रथम तिथे पाहिलं. ते पाट्याहून जड होतं.

शिमगा झाला, ओटी भरून झाली, दर्शनाला आठवा लागला. आज येईल, बाजारच्या दिवशी येईल, असं म्हणत दोघं काठावर जाऊन रिकामी परत येत. नववा लागला की घाट उतरायचा नाही, असं तिच्या सासूने सांगून ठेवलं होतं. तेव्हा यायचं तर आताच.

आणि कुडपणहून होकार काही येईना. का, ते कळलं एका फोनमुळे. तोही मधोमध, मशीन बंद असतानाच आला.

"मामा, मशीन बंद पडतं म्हणे रोज? नदीच्या मध्यात?" दीपकचा आवाज मला ऐकू येत होता. "सुंदराबाई पोलादपूरच्या बाजारात सांगत होती, गोमाजीची होडी रोज मधोमध दम तोडते."

"बंद पडत नाय," गोमाजी म्हणाला. "बंद पाडतो."

"कशाला?"

गोमाजीने रखमाकडे बघितलं. रखमाने पदर तोंडाशी धरला. आम्ही तुझ्या बायकोचा कुकारा ऐकायला थांबतो, एवढं एक वाक्य होतं. ते जावयाला सांगायचं म्हणजे गोमाजीला मिशी काढून देण्यापेक्षा कठीण.

"मशीनला इसावा," तो म्हणाला.

"मामा, विसावा लागणारं मशीन नको," दीपक म्हणाला, आणि फोन तुटला.

किती चमत्कारिक बघा. पोर यावी म्हणून मशीन आणलं. पोरीची हाक ऐकू यावी म्हणून ते थांबवलं. आणि थांबवलं म्हणूनच पोर येईना.

"उद्यापासनं थांबायचं नाय," गोमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी सरळ जुव्यावरून काठाला गेले. गोमाजीने सुंदराबाईसमोर एक ऐटीत वळणही घेतलं. परत येताना मात्र मधोमध त्याचा हात आपोआप बटणावर गेला. "सवय झालीय मेली," तो पुटपुटला.

तिकडे कुडपणला काय झालं ते नंतर माझ्या फळीवर बसून दर्शनानेच सांगितलं. दीपक म्हणाला होता, रोज एकाच जागी बंद पडतं. हे ऐकून ती भांडी घासता घासता थांबली. "एकाच जागी? कुठं?" तो म्हणाला, "मधोमध." ती एकदम उठली. "अवो, बिघडलेलं मशीन जागा बघून बंद पडतं का कधी? ते आय बंद करायला लावते. उद्या मला घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही काठाकडे निघालो होतो. ओहोटी लागलेली. मधोमध गोमाजीने मशीन थांबवलं. पाण्याच्या चापट्या, गाडीची शिट्टी, सुंदराबाईची भांडी. सगळं रोजचंच.

"आबाऽऽऽ हो! आयेऽऽऽ हो!"

रखमा ताडकन उभी राहिली. मी इतकी डुचमळले की पाटा घसरला. गोमाजीने दोरी ओढली. मशीन खोकलं. पुन्हा ओढली, पुन्हा खोकलं. घाईत त्याने पेट्रोल जास्त सोडलं होतं. रोज मुद्दाम बंद केलेलं मशीन त्या दिवशी खरोखरच सुरू होईना, आणि काठावर जावई कमरेवर हात ठेवून उभा!

"वल्ही घ्या!" रखमा ओरडली.

गोमाजीने वल्ही उचलली आणि जो वल्हवत सुटला! मी मशीनवर गेले नसते तशी गेले.

काठावर दर्शना पोटाशी हात धरून हसत होती. दीपक गंभीर होता. "मामा, मशीन?"

गोमाजी घामाने निथळत होता. दीपक चपला काढून माझ्यात उतरला, मशीन इकडून तिकडून बघितलं आणि दोरीला हिसका दिला. एवढ्या वेळात जास्तीचं पेट्रोल उडून गेलं होतं. पहिल्याच हिसक्याला मशीन सुरू झालं.

दीपकची छाती फुगली. "मामा, मशीन एक नंबर हाय तुमचं! ओढायची पद्धत असते."

स्वतःच्या हाताने सुरू झालेल्या वस्तूबद्दल माणसाच्या मनात शंका राहत नाही. गोमाजीही शहाणा. तो म्हणाला, "तुमचा हात चांगला हाय, जावईबापू." टपरीतून सुंदराबाईने हाक मारली, "दम न्हाई तोडला आज?" तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

पाटा उचलून काठावर ठेवला आणि दर्शना पुढच्या फळीवर बसली. पाण्याची रेघ चढली. ते एकाच माणसाचं वजन नव्हतं. मी जन्मभर वजनं केली, पण इतक्या हळू चालावंसं मला कधीच वाटलं नव्हतं. मधोमध मशीन थांबलं नाही. ऐकायचं होतं ते माझ्यातच बसलं होतं.

ऊन कलल्यावर दीपकला एसटीसाठी पोचवायला आणि पाटा आणायला गोमाजी निघाला. दीपक उतरून गेला. पाटा पुन्हा फळीवर आला, पण आता घरी जाण्यासाठी.

मित्रांनो, तुमच्या घरामागे एखादी होडी, सायकल, शिलाई मशीन उपडं पडलं असेल तर एकदा सरळ करून बघा. चालू झालं की टाळ्या जरूर वाजवा. मात्र अधूनमधून ते बंद करून कानही द्या. वस्तू कोणासाठी चालू केली ते तेव्हाच ऐकू येतं. आणि मधोमध थांबलेली होडी दिसली तर लगेच बाजारात बातमी नेऊ नका.

परतताना मधोमध आल्यावर गोमाजीने मशीन बंद केलं. दंडाला धरायला रखमा नव्हती. मग का केलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो सवयीने काठाकडे मान तिरकी करून बसला.

आवाज आला तो मागून, जुव्याकडून.

"आबाऽऽऽ हो! पाटा आणा लवकर! चटणी करायचीय!"

गोमाजीने दोरीला हात घातला नाही. ती आणखी एकदा ओरडेल म्हणून तो तसाच बसून राहिला.