शिवणीत गेलेल्या ओळी

धाकट्याला दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या, आणि पंचाईत अशी की दोन्ही एकदम खऱ्या असणं शक्य नव्हतं. एक म्हणजे, त्याचा थोरला भाऊ कुणाचं वाईट करणाऱ्यांतला नव्हे. मुंगी चावली तर 'तुला लागलं नाही ना?' असं मुंगीलाच विचारणारा. आणि दुसरी म्हणजे, याच दादाने त्याला पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात आडवं घातलं होतं, वरचं चाक पिळलं होतं आणि हात करकचून बांधले होते. हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. दादाचं तोंड वर, हातभर अंतरावर. बाजूला कुठेतरी रेडा हंबरत होता. छातीवर फळी दाबली जायची, उचलली जायची, पुन्हा दाबली जायची.

दोघा भावांचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा आपला, होती एकच लांब खोली. थोरला कापायचा, धाकटा शिवायचा. वीस वर्षं अशी वाटणी होती. दादाच्या हातात सुई दिली तर बोट आधी शिवलं जाईल आणि कागद मागाहून, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. म्हणून तर दादा धाकट्याला लाडाने 'टाकोबा' म्हणायचा.

मग फ्लूची ती साथ आली. धाकटा एका दुपारी खोकत घरी आला आणि तिसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात पोचला. अठरा दिवस त्याचा श्वास यंत्राने घेतला. बायकोही तापाने घरी अंथरुणाला खिळलेली. दवाखान्याने घरच्या एकाच माणसाला, तेही नखशिखांत झाकून, आत यायची परवानगी दिली. तो माणूस म्हणजे दादा. त्या दिवसांत विभागात बारा जण होते. आठ घरी आले. उरलेल्या चौघांचं देवाने काय योजलं होतं ते त्याचं त्याला माहीत. आपण हात जोडावेत आणि पुढे बोलावं.

धाकटा आठांतला. महिनाभर भिंत धरून चालला, मग काठी धरून. बोटांची टोकं मात्र बधिर ती बधिरच. दर रविवारी दुपारी दादा यायचा, पायऱ्यांवर त्याच्या चपला वाजल्या की धाकटा चादर तोंडावर ओढायचा.

"अहो, किती झोपाल?" बायको म्हणायची. "कुंभकर्णसुद्धा पाहुणे आले की उठत असेल."

"थकवा आहे."

"थकवा फक्त रविवारी चार वाजताच कसा येतो? घड्याळ लावलंय का त्याने?"

एकदा त्याने तिला सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. "दादा असं करतील का?" एवढंच म्हणाली. पण ती तिथे नव्हती. तिचं 'नाही' म्हणजे न पाहिलेल्या गावाची वाट सांगणं. आणि धाकट्याला एवढं कळत होतं की हा गुंता सुटला नाही तर तो कारखान्याची पायरी पुन्हा चढणार नाही. वीस वर्षांचा जोड तुटेल, आणि का तुटला हे दादाला कधी कळणारही नाही.

तिसऱ्या महिन्यात दवाखान्याने पुन्हा तपासणीला बोलावलं. बायको औषधांच्या रांगेत उभी राहिली आणि धाकट्याला सिस्टरने लांबलचक बोळात नेलं. चांगल्या ठसठशीत बाई. हातात घड्याळ.

"भाऊ, सहा मिनिटं चालायचं. जमेल तेवढं. शर्यत नाही."

"शर्यत असती तरी जिंकलोच असतो. मागे कोणी आहे कुठे?"

चालून झालं. मागच्या खेपेपेक्षा सत्तर पावलं जास्त भरली. सिस्टरने खुशीने आकडा लिहिला आणि मग, भाजीचा भाव विचारावा इतक्या सहज, विचारलं, "आयसीयूतलं काही आठवतं? भीती वाटेल असं?"

लोकांना वाटतं दु:ख सांगायला जवळचं माणूस लागतं. पुष्कळदा नुसता नीट विचारणारा लागतो. धाकट्याने सांगितलं. शिकंजा, रेडा, हात, दादा, सगळं.

सिस्टर उठली. "या माझ्याबरोबर."

विभागाच्या दाराला काच होती. आत एक म्हातारे गृहस्थ झोपले होते, नाकातोंडाला नळी. शेजारचं यंत्र हवा भरायचं, थांबायचं, सोडायचं. पोकळ धपका, मग उसासा. धाकट्याच्या छातीवरची फळी हलली. तो काठीवर रेलला.

"हा तुमचा शिकंजा," सिस्टर म्हणाली. "त्या दिवसांत औषधांची गुंगी, ताप, झोप नाही. मनाला सुटी पानं सापडतात, क्रम सापडत नाही. मग मिळेल ते पान मिळेल त्याला जोडतं. इथून गेलेल्यांपैकी कितीतरी जण असलं काही सांगतात. एका मास्तरांना मी बोटीवर कोंडून ठेवलं होतं म्हणे. अजून रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूने जातात."

धाकटा हसला. मग विचारलं, "आणि हात?"

"हात बांधले होते ते खरं."

त्याचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

"कोणी, का, ते वहीत आहे. तुम्ही गुंगीत होतात तेव्हा आम्ही रोज पानभर लिहून ठेवत होतो. नंतर माणसाला आपले हरवलेले दिवस हवे असतात म्हणून." तिने कपाट उघडलं. "सुटी पानं तुमच्या दादांनी मागून नेली. बांधून आणून दिली आणि म्हणाले, माझ्या हातून तो घेणार नाही, तुम्हीच द्या."

म्हणजे दादाला कळत होतं. चादरीखाली झोप नसते, हे त्याला पहिल्या रविवारपासून कळत होतं.

धाकट्याने वही हातात घेतली आणि त्याच्यातला आजारी माणूस बाजूला सरला, कारागीर जागा झाला.

"हे शिवलंय कुणी?"

"दादांनीच असणार."

"शिवलंय का गाठोडं बांधलंय? काठाकडून भोकं पाडायची ती मजकुरात पाडलीत! आणि दोरा बघा, बैल बांधायचा आहे. उघडेल का ही?"

उघडत नव्हती. जेमतेम अर्धी उघडायची आणि पटकन मिटायची. तरी तो वाचत गेला. पहिला दिवस, दुसरा दिवस. आपल्याला कुशीवर वळवलं, दाढी केली, ताप उतरला, पुन्हा चढला. चौथ्या दिवशी या सिस्टरचंच अक्षर: 'थोरले बंधू देवाचं भजन म्हणतात. भाव चांगला, सुराचं विचारू नये. शेजारच्या खाटेवरचे आजोबा आज शुद्धीवर आले, ते बहुधा हे थांबवायला सांगण्यासाठीच.'

रेडा सापडला. धाकट्याचे खांदे गदगदले.

मग सहावा दिवस. अक्षर वेगळं. 'पेशंटने नळी ओढायचा प्रयत्न केला. हात बांधावे लागले. थोरल्या भावाने' आणि ओळ शिवणीत गेली. खालची ओळ, 'दोन्ही हात घट्ट' आणि तीही शिवणीत. त्याने वही वाकवली, उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून बिळात बघावं तसं बघितलं. काही नाही.

"थोरल्या भावाने काय?"

"ही दुसरी सिस्टर, बदलून गेली. मी त्या दिवशी सुट्टीवर होते." तिने वही घेऊन ताणून पाहिली. "फाडू का थोडं?"

"हां हां!" धाकटा जवळजवळ ओरडलाच. "फाडायचं नाही. उसवायचं."

बायकोला त्याने रिक्षा कारखान्याकडे घ्यायला सांगितली तेव्हा ती त्याच्याकडे बघून पुढे सरकून बसली. पोचल्यावर म्हणाली, "मी जाते पुढे. घरी नेऊन सोडायला सांगा दादांना."

दादा यंत्रावर पुठ्ठे कापत होता. धाकट्याला दारात पाहिल्यावर त्याने पातं सावकाश वर घेतलं, खटका लावला आणि मगच बोलला.

"आलास."

"हे काय शिवलंयस?"

"वही."

"ही वही? अठरा दिवस मरणाच्या दारात काढले, त्याचं हे असलं बाईंडिंग? गिऱ्हाइकाने बघितलं तर बोर्ड उतरवावा लागेल."

"शिवणारा आजारी होता," दादा म्हणाला. "काय करू?"

धाकटा आपल्या जागेवर गेला. खुर्चीवर कापड टाकलेलं होतं, ते उचललं तर खाली धूळ नाही. सुई मेणाच्या गोळ्यात खोचलेली, तीन महिन्यांपूर्वी होती तशीच. शिवायची कामं दादाने इतके दिवस बाहेर धाडली असावीत. या सुईला हात लावला नव्हता.

"सहाव्या दिवशी तू काय केलंस?" धाकट्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"कसला सहावा दिवस?"

"माझे हात बांधले तेव्हा."

दादाने हातातल्या पुठ्ठ्याची कड जुळवली. मग म्हणाला, "लिहिलंय की त्यात."

"लिहिलेलं तू शिवून टाकलंस!"

"अरे देवा," दादा म्हणाला आणि चष्मा कपाळावर सारून जवळ आला.

चाकू धाकट्याने धरला, पण बधिर बोटांत तो ठरेना. दादाने वही दोन्ही हातांनी पक्की दाबून धरली. एक टाका, दोन टाके, बैलाचा दोरा तटातट तुटला. पानं मोकळी झाली तशी धाकट्याने सहावं पान अलगद काढून खिडकीशी नेलं आणि मोठ्याने वाचलं.

'हात बांधावे लागले. थोरल्या भावाने विचारलं, मी धरून बसलो तर सोडाल का? सोडले. दोन्ही हात घट्ट धरून सव्वातीन तास बसले. चहाला उठले नाहीत. नळी शाबूत.'

खोलीत खळीचा वास होता, आणि रस्त्यावरून कुणी घंटी वाजवत गेलं. धाकट्याने पान खाली ठेवलं नाही. दादाचं तोंड वर, हातभर अंतरावर. हातांवर पकड. सगळं होतं तसंच होतं. नुसतं पुढचं पान मागे लागलं होतं.

"मला वाटत होतं तू मला शिकंज्यात घातलंस," तो म्हणाला.

"तुला? मावशील का तू?"

"तेव्हा मावलो असतो. हडकलो होतो."

"म्हणून झोपायचास होय रविवारी?" दादाने नाक पुसलं, चष्मा खाली घेतला, पुन्हा वर केला. "मला वाटलं, माझ्या गाण्याचा राग आला."

"त्याचाही आलाय. रेडा वाटला होता मला."

दादा हसायला लागला, आणि त्याचं हसणं रडण्याच्या इतक्या जवळून गेलं की धाकट्याला खिडकीबाहेर बघावं लागलं. देवाला सूर लागत नाही, भाव लागतो, असं म्हणतात. शेजारच्या आजोबांचं मत वेगळं असेल. पण तेही घरी गेलेल्या आठांतले होते.

मग काम सुरू झालं. कारण उसवलेलं तसंच ठेवून उठणं दोघांच्याही रक्तात नव्हतं. दादाने पातळ कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, एका मापाच्या, डोळे मिटून कापल्या तरी चुकणार नाहीत अशा. प्रत्येक पानाच्या काठाला एकेक पट्टी चिकटवली, म्हणजे टाका पट्टीत पडेल आणि अक्षराला धक्का लागणार नाही. हे आधी सुचलं नाही का, असं धाकट्याने विचारलं. सांगणारा नव्हता, असं दादाने सांगितलं.

सुईत दोरा धाकट्याला ओवता येईना. चार वेळा चुकला. पाचव्यांदा दादाने सुई काढून घेतली, आपण तीन वेळा चुकला आणि ओवून दिली.

पहिला टाका वाकडा पडला. दुसराही. बोटांना सुई कळत नव्हती, म्हणून तो डोळ्यांनी शिवत होता, लहान मूल पायाकडे बघत चालतं तसं. सातव्या टाक्याला दोऱ्याचा ताण कुठेतरी आत, मनगटापाशी, ओळखीचा लागला. अकराव्याला घाम आला आणि तो थांबला.

"बस झालं आज," दादा म्हणाला. "उरलेली उद्या."

"उद्या रविवार."

"मग? मी यायचोच तुझ्याकडे. त्यापेक्षा तू ये."

धाकट्याने सुई मेणात खोचली आणि वही चाचपून पाहिली. अकरा टाक्यांपुरती का होईना, ती टेबलावर पालथ्या हातासारखी सपाट उघडत होती. शेवटी काही कोरी पानं होती.

"ही कशाला लावलीस?"

"सिस्टर म्हणाल्या, पेशंटला लिहायला."

"काय लिहू?"

दादाने यंत्राचा खटका काढला. "लिही, शिवण चांगली आहे, पण टाके वाकडे," तो म्हणाला आणि पुठ्ठा पुढे सरकवत हलक्या आवाजात भजन गुणगुणायला लागला.

धाकट्याने काठी घेतली होती, ती परत भिंतीला टेकवली, आणि ते पूर्ण होईपर्यंत ऐकत बसला.